चार मिलिमीटरचं लोखंड

1988 साली पोर्शने आपल्या 944 टर्बोची एक तिखट आवृत्ती बाजारात आणली. नावामागे ‘एस’ लागला, इंजिनाची ताकद 220 अश्वशक्तीवरून 250 वर गेली, सस्पेन्शन कडक झालं, मागची चाकं नऊ इंच रुंद झाली. एवढं सगळं असूनही माझा जीव अडकला आहे तो पुढच्या चाकांआड दडलेल्या एका बदलात. टर्बो एसचे पुढचे ब्रेक तिच्यासाठी घडवलेले नव्हतेच. त्याच कंपनीची 928 एस-4 नावाची मोठी, जड, आठ सिलिंडरांची गाडी होती. तिचे कॅलिपर, म्हणजे डिस्कवर दोन्हीकडून पॅड दाबणारे चिमटे, आणि तिच्या डिस्क उचलून या चार सिलिंडरांच्या धाकटीला बसवल्या. थोरलीचा झगा धाकटीला, असं आपल्या घरांतून चालतं तसंच. फरक एवढाच की इथे शिवण कुठे उसवावी लागली नाही आणि झगा अंगाला बेतल्यासारखा बसला.

रसग्रहण म्हटलं की कविता आठवते, एखादी बंदिश, फार तर सिनेमा. यंत्राच्या सुट्या भागाचंही रसग्रहण होऊ शकतं असं मला वाटतं. अट एवढीच की तो भाग कुणीतरी निवडून, विचार करून तिथे ठेवलेला हवा. वेगवान गाडीला दुसऱ्या वेगवान गाडीचे ब्रेक लावणं हा जगभरच्या हौशी लोकांचा जुना उद्योग आहे आणि त्यातल्या बहुतेक प्रयोगांत हौस जास्त, निवड कमी असते. म्हणून ज्या कारखान्याने स्वतःच हा उद्योग केला, त्याचं काम आधी नीट वाचावं.

आता आकडे. आधीच्या 944 टर्बोची पुढची डिस्क 298 मिलिमीटर व्यासाची आणि 28 मिलिमीटर जाडीची. 928 एस-4 कडून आलेली डिस्क 304 व्यासाची आणि 32 जाडीची. चटकन वाचलं तर ‘डिस्क मोठी केली’ एवढंच हाती लागतं. पण व्यास सहा मिलिमीटरने वाढला याचा अर्थ त्रिज्या तीनच मिलिमीटरने वाढली. ब्रेकचा पॅड डिस्कला जिथे धरतो ते ठिकाण चाकाच्या मध्यापासून जितकं दूर, तितकी थांबवण्याची तरफ लांब. ती लांबली दोन टक्के. दोन टक्क्यांचा फरक चालवणाऱ्याच्या पायाला जाणवत नाही. जाडी मात्र 28 वरून 32 झाली, म्हणजे चौदा टक्के. या बदलाचा सगळा अर्थ त्या चार मिलिमीटरांत आहे.

ब्रेकबद्दल एक मोठा गैरसमज आहे आणि तो जाहिरातींनी जोपासलेला आहे: मोठा ब्रेक लावला की गाडी लवकर थांबते. गाडी थांबवतो टायर. चाक जाम होईल किंवा एबीएस फडफडेल इतका जोर जुन्या ब्रेकमध्ये असेल, तर त्याहून जोरदार ब्रेक लावून पहिल्या थांबण्यात काहीही पदरात पडत नाही, कारण रस्त्याला धरून ठेवण्याची टायरची कुवत तेवढीच राहते. 944 टर्बोचे जुने ब्रेकही चार पिस्टनांचे, उत्तम होते. त्यांना जोर कमी नव्हता. कमी पडू शकत होती ती सोसण्याची ताकद.

ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र. चालकासकट 1,400 किलो वजन धरा, वेग ताशी 200 किलोमीटर. या गाडीत साठलेली ऊर्जा होते सुमारे 21 लाख 60 हजार ज्यूल. चांगल्या टायरवर ती गाडी सहा सेकंदांच्या आत थांबू शकते. हवेचा थोडाफार विरोध सोडला तर बाकी सगळी ऊर्जा त्या सहा सेकंदांत लोखंडात उतरते. त्याची शक्ती काढली तर ती सरासरी पाचशे अश्वशक्तीच्या आसपास जाते. म्हणजे 250 अश्वशक्तीच्या इंजिनापेक्षा ब्रेकच जवळपास दुपटीने ताकदवान निघाले. गाडीतला सर्वांत बलवान अवयव कुठला, असं विचारलं तर बॉनेट उघडून दाखवण्यात अर्थ नाही.

आता ती उष्णता डिस्कमध्ये शिरते तेव्हा काय होतं ते पाहू. पुढच्या दोन डिस्कचं मिळून वजन 16 किलो धरलं आणि पुढच्या चाकांवर सत्तर टक्के भार आला असं मानलं, तर ताशी 200 वरून एकदा थांबताना त्या डिस्क सुमारे 200 अंश सेल्सिअसने तापतात. हे झालं एकदा थांबणं. शर्यतीच्या ट्रॅकवर मिनिटाभराने पुढचं वळण येतं आणि डिस्क तोवर थंड झालेली नसते, तिच्यावर पुढची भर पडते. तिसऱ्या-चौथ्या वळणाला पॅडमधला बांधणारा राळेसारखा पदार्थ वायू सोडू लागतो आणि घर्षण घटतं. पिस्टनामागचं ब्रेक ऑइल तापतं. डॉट-4 दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा असं मानक सांगतं, पण हे ऑइल हवेतलं बाष्प शोषतं आणि मुरलेल्या ऑइलसाठी तेच मानक 155 अंशांवर येतं. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली की आक्रसते, त्यामुळे पायाचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही. पेडल फळीला टेकतं आणि गाडी पुढे जात राहते.

खंडाळ्याचा घाट उतरताना हातात मळलेला रुमाल घेऊन चाकांजवळ थांबलेले ट्रकवाले आणि तो करपलेला वास ज्यांनी अनुभवलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत साडेपाचशे मीटरची उतरण. आपली 1,400 किलोची गाडी ती उतरते तेव्हा जवळपास 75 लाख ज्यूल कुठेतरी जिरवावे लागतात. रक्कम मोठी, पण हप्ते लांबचे. शिवाय लोअर गिअर टाकला तर बरंचसं ओझं इंजिन घेतं. ट्रॅकवर ही सवलत नसते.

म्हणून चार मिलिमीटर. ही डिस्क भरीव नसते. दोन लोखंडी तबकड्या आणि त्यांच्या मध्ये हवा खेळवणाऱ्या पाकळ्या, अशी तिची बांधणी. वाढलेली जाडी काही प्रमाणात तबकड्यांत जाते, काही पाकळ्यांमधल्या मोकळ्या जागेत. तबकडीत गेलेलं लोखंड उष्णता साठवतं, पाकळीतली जागा ती बाहेर काढते. दोन्हीकडून हिशेब उष्णतेचाच. जास्त जोरात चावणारा ब्रेक इथे शोधलेला नाही, जास्त वेळ न थकणारा शोधलेला आहे.

आणि इथे मला एक जुळणी फार आवडते. जुन्या टर्बोचा कमाल वेग ताशी 245 किलोमीटर, टर्बो एसचा 260. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेगात सहा टक्क्यांची वाढ म्हणजे ऊर्जेत तेरा टक्क्यांच्या आसपास. डिस्कची जाडी वाढली चौदा टक्के. अभियंत्यांनी टेबलावर बसून हाच गुणाकार केला असेल असा माझा दावा नाही, कपाटात तयार असलेला भाग हाताला लागला असणार. पण कपाटातून नेमका तोच भाग हाताला लागणं याला जाण लागते. 928 एस-4 चं वजन सुमारे 1,600 किलो आणि कमाल वेग 270. तिच्या कमाल वेगातल्या ऊर्जेशी तुलना केली तर टर्बो एसची ऊर्जा तिच्या तीन चतुर्थांशाहून किंचित जास्त भरते. पूर्ण आकाराच्या कामासाठी बेतलेला ब्रेक पाऊण कामावर ठेवला. हातचं राखून काम करणं यंत्राला मानवतं.

आता कॅलिपर. साध्या 944 ला, म्हणजे बिनटर्बोच्या गाडीला, सरकता कॅलिपर होता. एका बाजूला एकच पिस्टन. तो आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो आणि प्रतिक्रियेने सगळी चौकट सरकून बाहेरचा पॅडही दाबला जातो. स्वस्त, हुशार आणि रोजच्या वापराला पुरेशी रचना. टर्बोला मिळाला इटलीतल्या ब्रेम्बोचा ॲल्युमिनियमचा स्थिर कॅलिपर, दोन्ही बाजूंना दोन-दोन पिस्टन. बेर्गामोजवळ 1961 मध्ये सुरू झालेली ही कंपनी 1975 पासून फेरारीच्या फॉर्म्युला वन गाड्यांना ब्रेक पुरवत होती, त्यामुळे नावाला वजन होतं.

चार पिस्टन म्हणजे चौपट जोर, असं छातीठोक सांगणारे भेटतात. एक छोटा हिशेब करून पाहा. 54 मिलिमीटर व्यासाचा एक पिस्टन असेल तर त्याचं क्षेत्रफळ होतं साधारण 2,290 चौरस मिलिमीटर. 40 मिलिमीटरचे चार पिस्टन असतील तर एका बाजूचे दोनच मोजायचे, कारण समोरचे दोन त्यांनाच उत्तर देत असतात. दोघांचं मिळून क्षेत्रफळ 2,510 चौरस मिलिमीटर. फरक दहा टक्क्यांचा. मग चार पिस्टन कशासाठी? लांबट पॅडवर दाब सगळीकडे सारखा पडावा यासाठी. चौकट सरकत नाही, त्यामुळे ती जाम होण्याचा प्रश्न नाही. आणि कॅलिपर ताठ असल्याने पेडल दाबल्यावर जोर चौकट वाकवण्यात वाया जात नाही. पायाखाली एक घट्ट, बोलकं पेडल येतं. ही चैन आहे, मान्य. पण चालवणारा तिच्या भरवशावर ब्रेक दाबायला शेवटच्या क्षणापर्यंत थांबतो.

928 एस-4 च्या कॅलिपरमध्ये जवळून पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. एका बाजूचे दोन पिस्टन सारखे नाहीत, एक लहान आहे, एक मोठा. फिरती डिस्क पॅडच्या ज्या टोकातून आत शिरते तिकडे लहान पिस्टन आणि जिथून बाहेर पडते तिकडे मोठा. डिस्क पॅडला आपल्याबरोबर ओढू पाहते, त्यामुळे शिरतं टोक आपोआप जास्त दाबलं जातं आणि तिथेच जास्त झिजतं. पॅड पाचरीसारखा तिरका होतो. शिरत्या टोकाला दाब मुद्दाम कमी दिला की झीज सारखी होते. डाव्या चाकाचा कॅलिपर उजवीकडे लावला तर हा सगळा विचार उलटा फिरतो, शिवाय हवा काढायचा निपल खाली जातो. हवा तर वरच जमणार. मग कितीही वेळ पेडल मारून एअर काढा, ती निघणार नाही.

या सुंदर वस्तूचा एक दोषही आहे आणि रसग्रहणात दोष झाकू नयेत. ॲल्युमिनियम मऊ असतं. पॅडची पोलादी पाठ त्यावर सतत घासून खाच पडू नये म्हणून कॅलिपरच्या आतल्या कडांना स्टेनलेस स्टीलच्या पातळ पट्ट्या बारीक स्क्रूंनी बसवलेल्या असतात. दोन वेगळे धातू, मध्ये रस्त्यावरचं पाणी आणि युरोपातल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ. पट्टीखालचं ॲल्युमिनियम गंजतं आणि पांढरी, खडूसारखी भुकटी तयार होते. ती फुगते, पट्टी केसभर वर उचलली जाते आणि पॅडची वाट अरुंद होते. पॅड अडकतो, एकीकडे झिजतो, सोडल्यावरही डिस्कला चिकटून राहतो, चाक तापतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं. गॅरेजात कॅलिपर टेबलावर घेऊन त्या पट्ट्या काढणं हे जिकिरीचं काम आहे. स्क्रूची डोकी इतकी लहान की पाना किंचित तिरका लागला तरी फिरून गोल होतात, म्हणून आधी आच देऊन जागा सैल करायची, मग एका झटक्यात, न डगमगता. खालची भुकटी खरवडून काढायची, धातू उघडा पडेपर्यंत. पट्टी परत बसवली की नवा पॅड हातात घेऊन आत सोडायचा. तो बोटाने ढकलला तर सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून पॅड बसवणारा मिस्त्री दिसला तर आपली गाडी तिथून हलवावी.

इतका वेळ जे बदललं त्याबद्दल बोललो. या बदलातलं सर्वांत देखणं मात्र जे बदललं नाही त्यात आहे. मागचे ब्रेक तसेच राहिले. 299 मिलिमीटर व्यास, 24 जाडी.

944 चं इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, त्यामुळे उभ्या गाडीचं वजन दोन्हीकडे जवळजवळ सारखं वाटलेलं. पण ब्रेक मारला की गाडी नाकावर येते. चाकांमधलं अंतर 2,400 मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर धरला, तर पूर्ण जोराच्या ब्रेकमध्ये वजनाचा सुमारे एकवीस टक्के भाग मागून पुढे सरकतो. पुढे एकाहत्तर, मागे एकोणतीस. मागचं चाक हलकं झालेलं असताना त्याला ब्रेकचा जास्त जोर दिला तर ते आधी जाम होतं. पुढची चाकं आधी जाम झाली तर गाडी सरळ घसरते, मागची झाली तर ती गिरकी घेते. म्हणून मागच्या नळीत दाब ठरावीक मर्यादेपलीकडे त्याच प्रमाणात वाढू न देणारा व्हॉल्व्ह असतो. पोर्शवाले त्याच्या अंगावरचे 5/18, 5/33 असे आकडे तोंडपाठ म्हणतात, त्यातला दुसरा आकडा दाबाची मर्यादा सांगतो. पुढच्या ब्रेकचा जोर बेताने वाढवला, सोसण्याची ताकद भरपूर वाढवली आणि मागची बाजू मोडली नाही: टर्बो एसच्या ब्रेकमधला तोल इथे आहे. पुढे दिसायला भव्य ब्रेक लावून मागचे तसेच ठेवणारे हौशी लोकही वरवर हेच करतात. पण त्यांच्याकडे पुढचा जोर इतका वाढलेला असतो की पुढचे टायर लवकर हार मानतात, मागच्यांना काम मिळतच नाही आणि गाडी पूर्वीपेक्षा उशिरा थांबते. पैसे देऊन ब्रेक बिघडवून घेण्याचा हा राजमार्ग आहे.

इंजिन मागे असलेल्या 911 मध्ये हाच हिशेब वेगळा लागतो. 1975 च्या पहिल्या 911 टर्बोला साध्या 911 च्या घराण्यातलेच ब्रेक होते आणि ताकदीच्या मानाने ते तोकडे पडत. 1978 मध्ये इंजिन 3.3 लिटरचं झालं तेव्हा पोर्शने आपल्या 917 या शर्यतीच्या गाडीकडे हात पसरला. हीच 917 सत्तर आणि एकाहत्तर साली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. तिच्या कॅलिपरवरून बेतलेले, अंगावर थंड होण्यासाठी पन्हळी असलेले चार पिस्टनांचे कॅलिपर रस्त्यावरच्या गाडीला आले. पुढची डिस्क 304 मिलिमीटर आणि मागची 309. मागची मोठी. कारण वजनच मागे. पुढे कितीही पुस्तकं वाचली तरी वजनवाटप आणि ब्रेक यांचं नातं या दोन आकड्यांइतकं थोडक्यात कुठे सापडणार नाही.

उसनवारी पोर्शच्या घराबाहेरही गेली. 1994 ची ऑडी आरएस-2 ही स्टेशनवॅगन पोर्शच्या मदतीने तयार झाली, पोर्शच्याच झुफेनहाउझेनच्या कारखान्यात जुळवली गेली आणि तिच्या कॅलिपरवर चक्क पोर्श असं नाव कोरलेलं होतं. चाकं आणि आरसेही तिकडचेच. बाजारात ते नाव खपत होतं हे उघड आहे, पण 315 अश्वशक्तीच्या गाडीला ते ब्रेक खरोखर लागत होते, त्यामुळे अंगावरचं नाव मिरवण्यापुरतं राहिलं नाही. 944 ची तर जन्मकथाच अशी. तिची आई 924 ही 1976 ची गाडी मुळात फोक्सवॅगनसाठी आखलेली, बरेच सुटे भाग फोक्सवॅगनचे, मागच्या चाकांना तर ड्रम ब्रेक. जुळणी नेकारझुल्मच्या ऑडीच्या कारखान्यात. अशा कुळातल्या गाडीने बारा वर्षांनी 928 च्या ब्रेकवर हक्क सांगावा, ही बढती मजेशीर आहे.

हौशी मालक तोच रस्ता धरतात. साधी 944 घ्यायची आणि टर्बोचे ब्रेक तिला चढवायचे. कागदावर काम सोपं वाटतं, मोडीत निघालेल्या टर्बोवरून चार कॅलिपर आणून लावायचे. प्रत्यक्षात पुढे कॅलिपर लावायचा तर ज्या स्टीअरिंग नकलवर तो बसतो ती नकलही टर्बोची लागते, हब लागतो, डिस्क लागते. मागे तर अख्खा ट्रेलिंग आर्म आणावा लागतो आणि हँडब्रेकचं काय हे तेव्हा आठवतं, कारण मागच्या डिस्कच्या पोटात हँडब्रेकचा छोटा ड्रम लपलेला असतो. त्यात 1987 च्या वर्षी पोर्शने चाकांचा ऑफसेट, म्हणजे चाकाची मधली रेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर, 23 वरून 52 मिलिमीटरवर नेला. त्याआधीच्या गाडीला नंतरची नकल लावली तर आर्म जुळत नाहीत, चाक भलत्याच जागी उभं राहतं. पंधरा इंची चाकांच्या आत हा कॅलिपर मावत नाही, सोळा इंची घ्यावी लागतात, आणि सोळा इंचीतही आऱ्यांचा आतला बाक आड येऊ शकतो. जाणते लोक पैसे मोजण्याआधी पुठ्ठ्यावर कॅलिपरचा आकार कापून तो चाकाच्या आत फिरवून बघतात. पुठ्ठा कुठे घासला की बेत तिथेच थांबतो. कॅलिपरमधल्या पिस्टनांना जास्त ऑइल लागत असेल तर जुना मास्टर सिलिंडर कमी पडतो आणि पेडल खोल जातं, म्हणजे तोही बदला. जर्मनीत एवढं सगळं झाल्यावर तपासणी करणारा अधिकारी गाडीखाली जाऊन पाहतो, मग तो बदल कागदपत्रांत चढतो. आपल्याकडे जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांवर बोट ठेवलं, तेव्हा अशी उसनवारी करणाऱ्याने आधी आरटीओची पायरी चढावी.

911 एससीचे मालक 1996 च्या बॉक्सस्टरचे कॅलिपर धुंडाळतात, तेही एका अर्थाने शहाणपणाचं. बॉक्सस्टरचा कॅलिपर ॲल्युमिनियमच्या एकाच तुकड्यातून घडवलेला, हलका आणि ताठ, आणि जुन्या 911 च्या बाजारात ज्याला सोन्याचा भाव येतो अशा 911 टर्बोच्या कॅलिपरपेक्षा पुष्कळ स्वस्त. नाकापेक्षा मोती जड होऊ न देता केलेला हा बदल आहे. उलट ज्या गाडीला बाजारहाटाच्या पलीकडे जायचं नाही तिच्यावर सहा पिस्टनांचे शर्यतीचे कॅलिपर चढवलेले दिसतात. त्यांत धूळ अडवणारी सील असतेच असं नाही, शर्यतीतले पॅड थंड असताना पकडत नाहीत आणि सिग्नलला थांबताना किंचाळतात. त्याहून विनोदी म्हणजे साध्या कॅलिपरवर चिकटवायची लाल प्लास्टिकची टोपणं. ॲक्सेसरीच्या दुकानांत ती जोडीने मिळतात, वर ब्रेम्बोचं नावसुद्धा छापलेलं. थंड हवा अडवून ब्रेक जास्त तापवण्याचं काम ती चोख करतात.

ब्रेम्बो हे नाव पुण्याकडच्या वाचकाला नवीन नाही. चाकणला कंपनीचा कारखाना आहे आणि लहान-मध्यम मोटरसायकलींसाठीचे तिचे ब्रेक ‘बायब्रे’ या नावाने निघतात. 2012 मध्ये बजाजच्या चाकणच्याच कारखान्यातून आलेल्या केटीएम ड्यूक 200 च्या पुढच्या चाकावर ते होते. भगव्या चाकाच्या आड तो कॅलिपर पाहून कॉलेजातली पोरं थांबायची. ते थांबणं मला कळतं. पण त्यांतल्या एखाद्याने खाली वाकून पॅड किती उरलाय हे पाहिलं तर मला जास्त आनंद होईल.

टर्बो एसचं पुढे काय झालं? 1989 पासून नावातला ‘एस’ गेला आणि त्याचं सामान सरसकट सगळ्या 944 टर्बोंना मिळालं, 928 चे पुढचे ब्रेकही. उसना आणलेला भाग घरचा झाला. आज त्या वर्षाची गाडी घेणारा शहाणा माणूस कॅलिपरच्या रंगाकडे बघत नाही. तो व्हर्निअर कॅलिपर घेऊन चाकामागे हात घालतो, डिस्कची जाडी मोजतो आणि काठावर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून पाहतो. नव्या डिस्कमध्ये आणि बाद डिस्कमध्ये फरक असतो साधारण दोन मिलिमीटरचा. म्हणजे मिळवलेल्या चारांतले दोन झिजण्यासाठीच होते, आणि झिजत आलेली डिस्कसुद्धा जुन्या टर्बोच्या कोऱ्या डिस्कपेक्षा दोन मिलिमीटरने जाडच भरते.